परदेशी प्रोफेसर तयार आहेत, पण पैसा कुठून आणायचा?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नागपुरातल्या एका खाजगी ट्रस्टच्या अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवता, संत्र्याच्या सालीपासून बायोचार (हवेशिवाय भाजून केलेला कोळसा) बनवून त्यानं पाण्यातलं फ्लोराइड काढायचं काम करता, एका कॉन्फरन्समध्ये जर्मनीच्या एका प्रोफेसर मॅडमशी ओळख झाली, त्या म्हणाल्या जॉइंट प्रोजेक्ट करू, फंडिंगचं मात्र तुम्ही बघा. आता तुम्ही विचारताय की कोणती फॉरेन एजन्सी पैसे देईल, आणि एक कन्सल्टंट प्रपोजल लिहून देतो म्हणून पैसे मागून राहिला तर द्यायचे का. कन्सल्टंटचं शेवटी सांगतो.

नागपुरातल्या रिसर्च प्रोजेक्टच्या फायलींमध्ये माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळं पहिली गोष्ट ठासून सांगतो, कोणती फॉरेन एजन्सी आपल्याला पैसे देईल हा प्रश्नच बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. जॉइंट प्रोजेक्टमध्ये पैसा सहसा देशाबाहेर जातच नाही. जर्मनीचा पैसा जर्मन टीमवर, भारताचा पैसा भारतीय टीमवर. लग्नात दोन्हीकडची मंडळी आपापल्या वऱ्हाडाची गाडी स्वतः करतात ना, तसंच. म्हणून त्या मॅडमनी "फंडिंग तुम्ही बघा" म्हटलं असेल तरी ते अर्धंच खरं आहे, तुमच्या बाजूचं तुम्ही बघायचं आणि त्यांच्या बाजूचं त्यांनाच बघावं लागेल, आणि हे त्यांना पहिल्याच मेलमध्ये गोडीनं सांगून टाका, नाहीतर सहा महिने दोन्हीकडचे लोक एकमेकांची वाट बघत बसतात.

हे चालतं कसं ते सांगतो. दिल्लीच्या डीएसटीमध्ये, म्हणजे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागात, इंटरनॅशनल कोऑपरेशनची वेगळी डिव्हिजन आहे, तिचे कितीतरी देशांशी करार आहेत. त्या करारांखाली अधूनमधून जॉइंट कॉल, म्हणजे दोन्ही देशांची अर्ज मागवणारी जाहिरात, निघतो. कॉल निघाला की तुम्ही डीएसटीच्या ई-पीएमएस पोर्टलवर अर्ज टाकायचा आणि तुमच्या पार्टनरनं त्याच्या देशातल्या एजन्सीकडे. दोन्ही अर्जांचं टायटल एकच, पीआयची, म्हणजे मुख्य संशोधकांची, नावं तीच, कामाची वाटणी तीच. एका बाजूचा अर्ज आला आणि दुसऱ्या बाजूचा नाही आला तर तो थेट बाद, रिव्ह्यूपर्यंत जातसुद्धा नाही. दोन्ही देशांत वेगवेगळं रिव्ह्यू होतं, मग जॉइंट कमिटी बसते, आणि दोन्हीकडे वरचा नंबर लागला तरच प्रोजेक्ट मिळतो. आपल्याकडे पहिला आणि तिकडे बारावा असं झालं तर काही उपयोग नाही. म्हणून पार्टनरचा अर्ज आपल्याइतकाच चांगला झालाय का हे बघणं हे तुमचंच काम आहे, तो परदेशी आहे म्हणजे हुशारच असणार असं गृहीत धरू नका, तिकडेही लोक शेवटच्या रात्री फॉर्म भरतात.

आता पैसा कशाचा ते बघा. तीन प्रकार समजा, जाण्यायेण्याचा, माणसांचा आणि सामानाचा. नवीन लोकांची अडचण इथं होते. त्यांना हवं असतं जेआरएफ, म्हणजे पगारी रिसर्च फेलो, आणि एखादं उपकरण, आणि ते अर्ज करतात अशा स्कीमला जिच्यात फक्त विमानाचं तिकीट आणि राहण्याचा खर्च मिळतो. तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा दरवाजा म्हणजे डीएसटी आणि डाड (जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) यांची पर्सोनेल एक्सचेंजची स्कीम, तिला लोक पीपीपी म्हणतात. दोन वर्षांचा प्रोजेक्ट, तुमच्या टीमच्या लोकांनी तिकडे जायचं, त्यांच्या लोकांनी इकडे यायचं, पीएचडीच्या पोरांना पाठवण्यावर भर. पगार नाही, फर्नेस नाही, आयन क्रोमॅटोग्राफ नाही. ज्यांना वाटतं की एवढ्याशा पैशात काय होणार त्यांना मी सांगतो की पहिला जॉइंट पेपर याच पैशातून निघतो आणि तो पेपर हातात असल्याशिवाय मोठ्या स्कीममध्ये कोणी विचारत नाही.

मग माणसांचा आणि सामानाचा पैसा कुठून? आपल्याच देशातून. जुनं सर्ब, म्हणजे संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ, आता एएनआरएफ या नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात गेलं, २०२३ चा कायदा आहे, फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला, त्यांच्याकडे तरुण प्राध्यापकांसाठी अर्ली करिअर ग्रँट आहे. पेअर नावाचा हब आणि स्पोकवाला, म्हणजे एक मुख्य संस्था आणि तिला जोडलेल्या बाकीच्या असा, कार्यक्रमही आहे, त्यात वरच्या रँकिंगची संस्था हब आणि विद्यापीठं वगैरे स्पोक. राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. म्हणजे बायोचारचं मूळ काम देशी ग्रँटवर चालवायचं आणि जर्मनीचं जाणंयेणं पीपीपीवर. असे दोन छोटे पैसे एकमेकांना टेकू देतात. फक्त दोन्हीकडे एकच खर्च दाखवू नका, ते ऑडिटला पकडलं जातं आणि मग नाव खराब होतं ते कायमचंच.

जर्मनीच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात कारण पर्याय बरेच. गुरुग्रामला इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटर आहे, आयजीएसटीसी. त्यांचा टू प्लस टू कार्यक्रम प्रसिद्ध आहे, दोन्ही देशांतून एकेक संशोधन संस्था आणि एकेक कंपनी, कंपनीनं आपलाही वाटा घालायचा. तुम्हाला आज लगेच जमणार नाही, पण हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत वॉटर फिल्टरवाला एखादा खरा इंटरेस्ट असलेला उद्योजक भेटला तर दोन वर्षांनी विचार करा. तोवर त्यांच्याच दोन छोट्या गोष्टी बघा. वायझर ही महिला संशोधकांसाठी आहे. आणि पेकफार, त्यात एक भारतीय आणि एक जर्मन तरुण संशोधक अशी जोडी लागते. तुमच्या प्रोफेसर मॅडम सिनियर असतील तर त्यांच्या ग्रुपमधला एखादा पोस्टडॉक जोडीला घ्या, सिनियर माणसापेक्षा तो मेलला उत्तरंही लवकर देतो.

त्यांच्या बाजूनं काय होऊ शकतं तेही माहीत ठेवा, कारण बऱ्याच जर्मन प्रोफेसरांना स्वतःच्या घरातल्या स्कीम माहीत नसतात, खरंच नसतात. डीएफजीकडे, म्हणजे जर्मनीच्या संशोधन निधी संस्थेकडे, आंतरराष्ट्रीय सहकार्य सुरू करण्यासाठी छोटी मदत आहे, जर्मन माणसानं अर्ज करायचा, त्यातून भेटी, पाहुणा बोलावणं, छोटं वर्कशॉप होतं. विद्यापीठांच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे स्वतःचे थोडे सीड पैसे, म्हणजे काम सुरू करण्यापुरते, असतात, ते वेबसाइटवर कुठेतरी कोपऱ्यात लिहिलेले असतात. कोणाला कोणती ग्रँट मिळाली याचा डीएफजीचा गेप्रिस नावाचा खुला डेटाबेस आहे, युरोपियन युनियनचा कॉर्डिस, अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचा रिपोर्टर. तुमच्या पार्टनरचं नाव तिथं टाकून बघा. त्यांच्याकडे आधीच चालू ग्रँट असेल आणि विषय जवळचा असेल तर त्यातूनच तुमच्या विद्यार्थ्याची एखादी भेट बसवता येते, नवीन अर्जसुद्धा लागत नाही. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या फार थोड्यांनी केलं.

आणखी एक रस्ता आहे जो आपल्याकडच्या कॉलेजांना माहीतच नसतो, तो म्हणजे पैसा न मागता मशीन मागणं. हॅम्बर्गला डेझी या संशोधन केंद्राचा पेट्रा थ्री सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे पदार्थाची आतली रचना दाखवणाऱ्या तीव्र क्ष-किरणांचं मोठं यंत्र, तिथं भारताचा डीएसटीच्या मदतीनं केलेला करार आहे, बंगळुरूची जेएनसीएएसआर ही संशोधन संस्था त्याचं बघते. इटलीत ट्रिएस्टला एलेट्रावर आणि जपानमध्ये केईकेच्या फोटॉन फॅक्टरीत अशीच सोय केली गेली. बीमटाइमचं, म्हणजे त्या मशीनवरच्या वेळेचं, प्रपोजल काही पानांचं असतं, वैज्ञानिक मेरिटवर निवडलं जातं, बीमटाइम फुकट, आणि प्रवास-राहण्याला या स्कीममधून आधार मिळतो. तुम्ही बायोचारवर लोह किंवा लॅन्थॅनम चढवत असाल, फ्लोराइडसाठी बरेच जण चढवतात, तर ते नेमकं कोणत्या रूपात बसलंय हे बघायला सिंक्रोट्रॉनसारखं साधन नाही. पण थेट हॅम्बर्गचा अर्ज करू नका, आधी इंदूरला जा. तिथं आरआरकॅट या सरकारी केंद्राचा इंडस-टू सिंक्रोट्रॉन आहे, यूजीसी-डीएई सीएसआर ही संस्था विद्यापीठ-कॉलेजवाल्यांना तिथं काम करू देते, नागपूरहून रात्रीच्या प्रवासाचं अंतर. इंदूरचा डेटा घेऊन हॅम्बर्गचं प्रपोजल लिहिलं की समोरच्याला कळतं की ही बाई हवेत बोलत नाही.

बाकी देशांचं पटकन सांगतो कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांचाच पार्टनर जर्मन नसणार. फ्रान्स असेल तर सेफिप्रा हे भारत-फ्रान्स संशोधन केंद्र, १९८७ पासून दिल्लीत आहे, दोन्ही सरकारांच्या पैशावर चालतं, जॉइंट प्रोजेक्टला नुसतं जाणंयेणं नाही तर खरंखुरं संशोधनाचं बजेट देतं, म्हणून तिथं गर्दीही तशीच. पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची रामन-शारपाक फेलोशिप आहे. जपान असेल तर डीएसटी-जेएसपीएस (जेएसपीएस ही तिकडची निधी संस्था), आणि विद्यार्थ्यांच्या छोट्या भेटीसाठी साकुरा सायन्स, पण साकुराचा अर्ज जपानी संस्थेनंच करायचा असतो, तुम्ही कितीही फॉर्म शोधलात तरी मिळणार नाही. तसंच इंग्लंडच्या रॉयल सोसायटीच्या इंटरनॅशनल एक्स्चेंजेसचं, मुख्य अर्जदार तिकडचा. ऑस्ट्रेलियासोबत २००६ पासूनचा स्ट्रॅटेजिक रिसर्च फंड आहे. ब्रिक्समध्ये किमान तीन देशांचे पार्टनर लागतात. जीवशास्त्रवाल्यांनी ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम बघावा, भारत त्याचा सदस्य आहे, पण तिथं नुसतं चांगलं काम चालत नाही, कल्पनाच वेगळी लागते. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेचा भारत २०१६ पासून असोसिएट सदस्य आहे, त्यांच्या छोट्या एक्स्चेंज ग्रँट मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांना उत्तम. फिजिक्स आणि मॅथ्सच्या कॉलेज प्राध्यापकांनी ट्रिएस्टच्या आयसीटीपी या भौतिकशास्त्र संस्थेची असोसिएट स्कीम बघितली नसेल तर आजच बघा, ती संस्था १९६४ साली अब्दुस सलामांनी विकसनशील देशांतल्या आपल्यासारख्यांसाठीच काढली.

होरायझन युरोप या युरोपियन युनियनच्या संशोधन कार्यक्रमाबद्दल लोक फार विचारतात. सुरुवातीला साडेपंच्याण्णव अब्ज युरोचा ठरलेला कार्यक्रम आहे, २०२१ ते २०२७, आकडा ऐकूनच डोळे फिरतात. पण भारत त्यात असोसिएट देश नाही आणि ज्यांना आपोआप पैसे मिळतात त्या देशांच्या यादीतही नाही. म्हणजे कन्सोर्शियममध्ये (अनेक संस्थांच्या गटात) तुमचं नाव आलं तरी तुमच्या वाट्याचा खर्च तुम्हालाच आणावा लागतो, एखाद्या खास कॉलला डीएसटी किंवा डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) सोबत पैसे घालतात तेवढं सोडून. त्यातली मारी क्युरी फेलोशिप मात्र माणसाला मिळते, देश आड येत नाही. तुमचा विद्यार्थी पीएचडी झाला की त्याला तिकडे पाठवा, तो तिथून तुमच्याशी काम करेल, दहा वर्षांनी तोच तुमचा परदेशी पार्टनर असेल. नागपूरच्या कितीतरी चांगल्या कोलॅबोरेशनची सुरुवात अशीच गेलेल्या विद्यार्थ्यांपासून झाली.

अमेरिकेचं आत्ता जपून. नागपुरात एनआयएचच्या पैशावर मोठं काम झालेलं आहे, लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन हे माता-बालआरोग्याच्या ग्लोबल नेटवर्कचं केंद्र, बॉस्टन विद्यापीठासोबत. तेव्हा लहान शहराला कोण विचारतं असं कोणी म्हणू नये. पण २०२५ च्या मे महिन्यात एनआयएचनं परदेशी सब-अवॉर्डची, म्हणजे अमेरिकन ग्रँटमधून परदेशी संस्थेला वाटा देण्याची, जुनी पद्धत थांबवून नवीन रचना आणायचं जाहीर केलं, त्यामुळं अमेरिकन पार्टनरच्या ग्रँटमधून आपल्याला वाटा मिळेल या भरवशावर कोणाला नोकरीवर घेऊन बसू नका. एनएसएफ ही तिथली विज्ञान निधी संस्था तर मुळातच अमेरिकन संस्थांनाच देते.

आता तो भाग जो कोणी सांगत नाही आणि मग फाइल अडकते. समजा त्या जर्मन विद्यापीठानं मनाचा मोठेपणा दाखवून म्हटलं की आम्ही तुमच्या कॉलेजच्या खात्यात दहा हजार युरो पाठवतो. थांबा. तुमचं कॉलेज ट्रस्टचं आहे, म्हणजे एफसीआरए, परदेशी निधीचा २०१० चा कायदा, लागू. ट्रस्टकडे नोंदणी आहे का, वैध आहे का, हे आधी ऑफिसमध्ये विचारा. ती पाच वर्षांची असते आणि मुदत संपलेली कोणाच्या लक्षातही नसते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या एफसीआरए खात्यातच आधी यायला पाहिजे, तिथून पुढे तुमच्या इथल्या खात्यात. आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणजे "आपल्या खात्यात घेऊ आणि अर्धे त्या दुसऱ्या कॉलेजला देऊ" हे चालत नाही. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा. नोंदणी नसेल तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण त्याला वेळ लागतो. कायद्यानं स्थापन झालेल्या आणि कॅगचं ऑडिट बंधनकारक असलेल्या संस्थांना यातून सूट आहे, म्हणून एनआयटी किंवा एम्सवाल्यांना हा ताप नसतो. माझ्या ओळखीतल्या एका संस्थेत परदेशातून आलेली रक्कम चुकीच्या खात्यात जमा झाली आणि ती परत पाठवेपर्यंत प्रोजेक्टचा सीझनच गेला, पावसाळ्याआधीचे नमुने घ्यायचे होते ते राहिले ते राहिलेच.

यावर उपाय दोन. एक, पैसा आणूच नका, खर्च त्यांनी तिकडेच करावा, तुमच्या विद्यार्थ्याचं तिकीट त्यांनी काढावं, नमुन्यांची तपासणी त्यांच्या लॅबनं त्यांच्या खर्चानं करावी. दोन, व्हीएनआयटी (इंजिनिअरिंगची राष्ट्रीय संस्था) किंवा नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) इथल्या कोणाला को-पीआय, म्हणजे सह-संशोधक, घ्या. हे दुसरं मी एफसीआरए नसतं तरी सांगितलं असतं. स्पार्कसारख्या, केंद्राच्या परदेशी सहकार्याच्या, स्कीममध्ये यजमान संस्थेला एनआयआरएफचं, म्हणजे केंद्राच्या संस्था-क्रमवारीचं, रँकिंग लागतं, तुमचं कॉलेज एकटं पात्र होणार नाही, आणि मोठी संस्था सोबत असली की रिव्ह्यूअरला उपकरणांची काळजी राहत नाही. हो, मोठी संस्था सोबत घेतली की आपण छोटे होतो ही भीती खरी आहे. त्यासाठी पहिल्याच दिवशी कोणाचं काय काम आणि कोणत्या पेपरला पहिलं नाव कोणाचं हे एका पानावर लिहून दोघांनी मेलवर मान्य करून घ्या. आपल्याकडे असं लिहून मागणं म्हणजे अविश्वास समजतात, समजू द्या.

पात्रतेचं आलंच म्हणून, तुमचं कॉलेज यूजीसीच्या २(एफ) आणि १२(बी)मध्ये, म्हणजे मान्यता आणि अनुदानपात्रतेच्या याद्यांमध्ये, आहे का, खाजगी संशोधन संस्था असेल तर डीएसआयआर या केंद्रीय विभागाची सिरो (संशोधन संस्था म्हणून) मान्यता आहे का, तुमची नियुक्ती कायम आहे का, हे कागद एका फोल्डरमध्ये आत्ताच ठेवा. प्राचार्यांचं एंडोर्समेंट लेटर सही-शिक्क्यासह लागतं, आणि कॉलची मुदत नेमकी दिवाळीच्या सुट्टीत संपते, असं का होतं देव जाणे.

नमुने पाठवायचे असतील तर आणखी एक. जैवविविधता कायदा, २००२ चा. विदर्भातले लोक लोणारच्या सरोवरातले जिवाणू वगैरे परदेशी पार्टनरला सहज कुरिअर करायला निघतात, तसं करू नका. परदेशी माणूस किंवा संस्था यात आली की विषय चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जातो. केंद्राच्या मार्गदर्शक नियमांत बसणाऱ्या, सरकारनं मंजूर केलेल्या सहकार्य प्रकल्पांना कलम ५ खाली सूट आहे, म्हणून डीएसटीच्या मार्फत आलेल्या प्रोजेक्टचा हा एक मोठा फायदा. राज्य जैवविविधता मंडळाचं ऑफिस आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, जाऊन विचारता येतं, ही सोय मुंबई-पुण्याच्या लोकांना नाही, वापरा. तुमच्या सालीच्या बायोचारला काय लागू होतं ते तिथून लेखी घ्या. आणि माणसांचे नमुने, सिकलसेलवर काम करणाऱ्यांनी खास लक्ष द्या, परदेशी सहभाग असेल तर एथिक्स कमिटीच्या वर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, ती आयसीएमआरमार्फत होते. प्रोजेक्ट मिळाल्यावर अर्ज करू म्हणाल तर पहिलं वर्ष त्यातच जाईल.

प्रपोजल लिहिताना रिव्ह्यूअर एकच गोष्ट शोधत असतो, हे काम दोन देशांनी मिळून का करायचं, एकट्या भारतात का होत नाही. "जर्मन लॅब वर्ल्ड क्लास आहे" हे उत्तर नाही, ते सगळेच लिहितात. तुमच्याकडे काय आहे जे त्यांच्याकडे नाही ते लिहा. तुमच्याकडे यवतमाळ-चंद्रपूरची फ्लोराइडवाली गावं आहेत, खऱ्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी आहे, संत्र्याच्या सालीचा अख्खा प्रदेश आहे. त्यांच्याकडे मटेरियलची बारीक रचना बघायची साधनं आणि मॉडेलिंग आहे. दोन्ही जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही असा एक ठोस प्रश्न काढा, एकच. आणि नागपुरातून फ्लोराइडवर लिहिताय तर नालगोंडा तंत्राशी तुलना हवीच, ते आपल्या नीरीनंच काढलेलं आहे, तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड खाली बसवायचं. रिव्ह्यूअर शंभर टक्के विचारणार की एवढं स्वस्त तंत्र असताना तुमचं का. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पिण्याच्या पाण्याच्या मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड, तुमचं बायोचार खऱ्या पाण्यात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्हे, तिथपर्यंत आणतं का, आणि वापरून झालेल्या बायोचारचं पुढे काय करायचं, हे दोन मुद्दे आले की अर्ज गंभीर वाटतो.

कॉल शोधत बसण्यात महिने घालवू नका. डीएसटीची साइट, आयजीएसटीसी, डाडचं दिल्ली ऑफिस, दिल्लीतलं डीडब्ल्यूआयएच हे जर्मन संशोधनाचं केंद्र, युरोपातल्या संधी कळवणारं युरॅक्सेस इंडिया, एवढ्यांचे मेल सुरू करा, पुरे. कॉल उघडा असतो थोडे आठवडे, तेवढ्यात पार्टनर शोधून, प्रश्न ठरवून, बजेट बसवून होत नाही. म्हणून दोन पानांची कन्सेप्ट नोट आधीच तयार ठेवायची, कॉल आला की त्याच्या साच्यात ओतायची. जुन्या कॉलचे निकाल, म्हणजे कोणाचे प्रोजेक्ट मंजूर झाले याच्या याद्या, एजन्सी टाकतात, त्या वाचा. कॉलच्या भाषेत सगळंच "प्रायॉरिटी एरिया" असतं, खरं काय मंजूर होतं ते यादीत दिसतं. १०८वी सायन्स काँग्रेस जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नागपूर विद्यापीठात झाली तेव्हा कितीतरी लोकांनी व्हिजिटिंग कार्डं गोळा केली, त्यातल्या किती जणांनी नंतर कन्सेप्ट नोट पाठवली हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

त्या प्रोफेसर मॅडमना या आठवड्यात मेल करा, लांब नको. कॉन्फरन्समधल्या बोलण्याची एका ओळीत आठवण, तुमचा तो एक प्रश्न, तुमच्याकडचा एक आलेख, आणि सरळ विचारणा की पुढच्या डीएसटी-डाड कॉलला दोघींनी अर्ज करायचा का, आणि त्याआधी त्यांच्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे काही सीड पैसे आहेत का बघाल का. "आय वुड बी हायली ऑब्लाइज्ड" वगैरे काढून टाका. तिकडे त्यानं मान वाढत नाही, उलट वाटतं की हे सगळ्यांना पाठवलेलं पत्र आहे. महिनाभरात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण, मग दुसरा माणूस शोधा, राग नको.

मंजूर झालं की खरी कसरत. पहिला हप्ता येतो, दुसरा यायला युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कुठे वापरले याचा दाखला) लागतं, जीएफआर या सरकारी वित्त नियमांतला १२-ए फॉर्म, सोबत खर्चाचं विवरण, आणि ते आर्थिक वर्षाप्रमाणे, तुमच्या प्रोजेक्टच्या वर्षाप्रमाणे नाही. कॉलेजच्या अकाउंटंटला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्यांना प्रोजेक्ट काय आहे ते समजावून सांगा, चहा पाजा, कारण अडलेल्या हप्त्याची कारणं बहुतेकदा विज्ञानात नसतात. बोर्डिंग पास जपून ठेवा, पोरं फेकून देतात. आणि जर्मन पाहुणे इकडे येणार असतील तर व्हिसा कोणता, वर्कशॉप असेल तर मंत्रालयांच्या परवानग्या, हे आमंत्रणाच्या आधी बघायचं. मे महिन्यात बोलावू नका बाप्पा, ४५ डिग्रीत फील्डवर नेलं तर ते परत येत नाहीत.

आता कन्सल्टंट. नाही, देऊ नका. या अर्जांना फी नसते, फॉर्म सोपे असतात, आणि जो भाग अवघड आहे तो, म्हणजे दोन देश का आणि तुमचा डेटा काय सांगतो, तो तुमच्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. "कमिटीत ओळख आहे" असं म्हणत असेल तर मग त्याचा फोनच उचलू नका. त्यापेक्षा ड्राफ्ट झाला की नीरीत किंवा व्हीएनआयटीत ज्यांना असा प्रोजेक्ट आधी मिळालाय अशा कोणालातरी दाखवा, विषय वेगळा असला तरी चालेल. नागपुरात असे लोक भरपूर आहेत आणि विचारलं तर वेळ देतात. ट्रस्टची एफसीआरए नोंदणी आणि १२(बी)चं काय ते कळलं की इथेच लिहा, त्यावर कोणती स्कीम आधी करायची ते ठरवू.